सगळी टोकनं परत आल्याशिवाय

२ नोव्हेंबर, सकाळ
फिलोमिना काल पहाटेच्या गाडीने बेंगळुरूला गेली. मुलीकडे, जसिंताकडे. मुलीकडे जायला कुणाची ना नाही. दोन मोठ्या बॅगा नेल्या. जाताना म्हणाली, मी आता परत यायची नाही. रागात माणूस काहीही बोलतं. पंधरा दिवस धरून चाललो आहे.

कारण म्हणे धूळ. खाणीतलं सोनं काढून उरलेल्या सायनाइडच्या मातीच्या टेकड्यांची धूळ तिच्या छातीत बसते. दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरने सांगितलं, गाव सोडा. डॉक्टर म्हणजे कालचं पोरगं. टेकड्या त्याच्या आजोबांच्या आधीपासून इथे आहेत. शिवाय धूळ उडते मार्च-एप्रिलात. नोव्हेंबरात जायची घाई काय होती?

मी का गेलो नाही, हे लिहून ठेवतो. खाण पुन्हा उघडणार आहे. बंद पडून बरीच वर्षं झाली, म्हणजे उघडायची वेळ जवळच आली असणार. उघडली की शाफ्टच्या, म्हणजे खाणीत उतरायच्या विहिरीच्या, टाइम ऑफिसला अनुभवी टाइमकीपर लागेल. तो बेंगळुरूत मुलीच्या फ्लॅटमध्ये बसून कसा चालेल?

आज मृतांचा दिवस. दफनभूमीत जाऊन आई-अप्पांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावल्या. दरवर्षी फिलोमिना लावते. वाऱ्याने विझल्या. पुन्हा लावल्या नाहीत. पलीकडे इंग्रजांच्या थडग्यांचे फोटो काढत एक जोडपं फिरत होतं. कोण कशाने गेलं ते मी त्यांना सांगितलं. त्यातली बाई म्हणाली, अंकल, तुम्ही टूर का नाही करत?

खरंच, का नाही करत?

३ नोव्हेंबर
निर्णय झाला. ‘गोल्डफील्ड्स हेरिटेज वॉक’. गाइड : श्री. थॉमस ज्ञानमुत्तू, माजी हेड टाइमकीपर. दर शनिवारी सकाळी दहा वाजता. क्लब, बॉलरूम, इंग्रजांची दफनभूमी, शाफ्ट, टाइम ऑफिस, शेवटी टेकडीवरून गावाचं दर्शन. वॉक नावारूपाला आला की पेपरात येईल. फिलोमिना वाचेल. नाताळपर्यंत ती घरी असेल असा माझा अंदाज आहे.

संध्याकाळी तिला फोन केला. वॉकबद्दल सांगणार होतो, पण आधी तीच बोलली. अकरा डिसेंबरला शेरिलची पहिली कम्युनियन आहे, रविवारी, सकाळी सातची मिस्सा. तेवढ्याला या. एवढं एक करा. आलात तर पुढचं बसून बोलू. नाही आलात तर मला काय समजायचं ते मी समजेन.

म्हटलं, येणार म्हणजे काय, येणारच. एकुलती एक नात. अजून महिना आहे.

५ नोव्हेंबर, शनिवार
पहिला वॉक. क्लबच्या फाटकाशी दहा वाजता हजर. शर्टाला इस्त्री स्वतः केली. कॉलर थोडी जळाली, पण टाय लावल्यावर दिसत नाही.

आले : एक. सवरिमुत्तू, फिलोमिनाचा धाकटा भाऊ, मला मच्चान, म्हणजे भावोजी, म्हणणारा. तोही खरं म्हणजे पाव आणायला निघाला होता.

तरी त्याला पूर्ण वॉक दिला. शिस्त ती शिस्त. शाफ्टसमोर उभं राहून, माणसं उतरवणारा पिंजरा खाली सुटला की पोटात कसा गोळा येतो ते सांगायला लागलो, तर सवरी म्हणाला, मच्चान, तुम्ही जन्मात एकदा खाली उतरलात, आणि अर्ध्यातनं ओरडून पिंजरा वर घ्यायला लावलात. मी आयुष्यभर खाली ड्रिल मारलं. मला सांगताय गोळा कसा येतो?

म्हटलं, त्या दिवशी मला ताप होता. आणि इतिहासाच्या मास्तराने स्वतः लढाई मारलेली असते का? सवरी हसता हसता खोकला, खोकता खोकता हसला, आणि पाव संपतील म्हणून मधूनच निघून गेला.

एकंदरीत चांगली सुरुवात.

८ नोव्हेंबर
सवरी बेंगळुरूला चालला आहे. फिलोमिनाने त्याच्याबरोबर शाल आणि इडलीपात्र मागवलं. सामान मागवते म्हणजे घराची आठवण येते आहे. चांगलं लक्षण. इडल्या मला तशाही जमत नाहीत.

संकल्प : रोज दाढी. सकाळी फिरणं. रात्री ब्रेडऐवजी भात लावायचा.

९ नोव्हेंबर
ब्रेड.

१२ नोव्हेंबर, शनिवार
पाहुणे आले! मोटरसायकलवरून दोन तरुण. कुठलासा सिनेमा बघून आले होते. विचारलं, अंकल, हिरोची ती मारामारी नेमकी कुठे झाली? मी सिनेमा पाहिलेला नाही. क्लबमागची पाण्याची टाकी दाखवली. खूश झाले, टाकीसमोर मुठी आवळून फोटो काढले. बॉलरूममध्ये इंग्रज नाताळला कसे नाचायचे ते सांगत होतो, तर एकाने मध्येच विचारलं, इथे चहा कुठे मिळतो?

पापम्माच्या हॉटेलात नेलं. पापम्मा म्हणाली, काय अण्णा, रोज पहाटेच्या गाडीने सगळं गाव बेंगळुरूला कामाला पळतंय आणि तुम्ही बेंगळुरूची माणसं इकडे ओढून आणताय? मग चहा गाळताना विचारलं, अक्का कधी येणार? म्हटलं, पंधरवडा भरला की. ती म्हणाली, हं.

पापम्माचं ते ‘हं’ मला आवडत नाही.

१५ नोव्हेंबर
पंधरवडा झाला. फिलोमिना आली नाही. पंधरवडा मीच धरला होता, तिने काही कबूल केलं नव्हतं, त्यामुळे यात तिची चूक नाही.

घर शांत आहे. रेडिओ लावला. बंद केला. काही वाटत नाही. वाईटसुद्धा नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल बधिर होतो, तसं काहीतरी.

दाढी उद्या.

१७ नोव्हेंबर
भंगारवाल्याच्या दुकानासमोरून जाताना आमच्या शाफ्टची टोकनं दिसली. पितळी, रुपयाएवढी, मध्ये भोक, वर नंबर. पोत्यात भरून ठेवली होती. ओंजळभर घेऊन आलो, चिंच लावून घासली. चकचकीत निघाली.

आता वॉक कसा हवा ते समजलं. पाळीला उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला मी खिडकीतून त्याचं टोकन द्यायचो. वर आला की त्याने ते परत द्यायचं, मी ते फळ्यावर त्याच्या खिळ्याला अडकवायचं. खिळा रिकामा म्हणजे माणूस खाली. सगळी टोकनं परत आल्याशिवाय खिडकी बंद करायची नाही. हे कुणी शिकवावं लागत नसे. खाली खडक फुटला, एअरब्लास्ट झाला, भोंगा वाजला, की कामगारांच्या घरांच्या लाइनींतल्या बायका गेटवर येऊन उभ्या राहायच्या. रडणं नाही, विचारणं नाही. नुसत्या खिडकीकडे बघायच्या, उघडी आहे की बंद. फिलोमिनाही यायची. मी वर ऑफिसात सुखरूप बसलेलो, तरी दर वेळी यायची. प्रेम, दुसरं काय.

पाहुण्यांना टोकनं द्यायची. वॉक संपला की परत घ्यायची. ही कल्पना अजून कुणाला कशी सुचली नाही?

१९ नोव्हेंबर, शनिवार
म्हैसूरच्या तीन शिक्षिका आल्या होत्या. टोकन हातात आलं की माणसं गप्प होतात. एक बाई ते मुठीत धरून सगळा वेळ चालत होत्या. शेवटी टाइम ऑफिसात गेलो. छप्पर आता नाही, खिडकी आहे. मी आत उभा राहिलो, त्या बाहेर. एकेकीने टोकन दिलं, मी खिळ्याला लावलं आणि खिडकीची फळी ओढून घेतली. बिजागरी निखळली, पण आवाज तोच, पूर्वीचा.

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. किती वर्षांनी.

फिलोमिनाला सांगायला फोन केला. जसिंताने उचलला. म्हणाली, अप्पा, अम्मा डॉक्टरकडे गेली आहे, आता बरीच बरी आहे, रात्रभर झोप लागते. आणि कम्युनियनचं लक्षात आहे ना? म्हटलं, मला विचारतेस? हेड टाइमकीपरला?

२३ नोव्हेंबर
फिलोमिनाने साड्या मागवल्या. सगळ्या. सवरी दोन गाठोडी बांधून घेऊन गेला. इथल्या पाण्याने कपडे पिवळे पडतात, ही तिची जुनी तक्रार. नाताळच्या आधी तिकडे सगळ्या नीट धुऊन आणायच्या असणार.

कपाटाचा तिचा भाग उघडून पाहिला. बंद केला. जेवलो नाही. दुःख वगैरे काही नाही, भूक नव्हती.

२६ नोव्हेंबर, शनिवार
पाऊस. कुणी आलं नाही. पावसामुळेच.

३ डिसेंबर, शनिवार
ऊन. कुणी आलं नाही. नाताळ जवळ आला, लोक खरेदीत असतात.

५ डिसेंबर
फोन! बेंगळुरूच्या एका कंपनीतल्या मंडळींना येत्या शनिवारी वॉक हवा आहे. मोठा ग्रुप. शनिवार म्हणजे दहा तारीख. सवरीला सांगितलं तर त्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, मच्चान, रविवारी सकाळी सातला मिस्सा आहे. शनिवारी सकाळच्याच गाडीने आपण जाणार होतो ना? त्यांना पुढचा शनिवार द्या की.

मी त्याला शांतपणे समजावलं. वॉक दहाला सुरू, एकला समाप्त. संध्याकाळची गाडी साडेपाचला. मध्ये जेवण, आंघोळ, चार घटका झोपसुद्धा. सगळं बसतं. माणसांच्या वेळा जुळवणं हेच तर मी जन्मभर केलं.

सवरी म्हणाला, अक्काने एकच गोष्ट मागितली आहे तुमच्याकडे. म्हटलं, ती मिळणारच आहे.

९ डिसेंबर
तयारी पूर्ण. बॅग भरली. शेरिलसाठी मोत्यांची जपमाळ घेतली, पांढऱ्या डबीत. सूट बाहेर काढला, कसरीने फक्त एका बाहीला भोक पाडलं आहे. उद्या वॉक, परवा कम्युनियन. मिस्सेनंतर फिलोमिनाशी बसून बोलणं. नाताळच्या आधी दोघं परत. धुळीचा बंदोबस्त म्हणून खिडक्यांना ओले पडदे लावायचे, असं तिला सुचवणार आहे.

१० डिसेंबर, शनिवार, सकाळ
सूर्यप्रकाश उत्तम. दाढी केली.

१० डिसेंबर, दुपारी अडीच
एक टोकन कमी आहे.

वॉक उत्कृष्ट झाला. टाळ्या मिळाल्या. सगळ्यांनी खिडकीतून टोकनं दिली, पण एक खिळा रिकामा. प्रणव हेगडे नावाचा उंच मुलगा, लाल हेल्मेट. शाफ्टपाशी शेवटचा दिसला होता. बाकीच्यांना विचारलं. ते म्हणाले, असेल इथेच कुठेतरी, आणि बसमध्ये बसून निघून गेले. फोन लागत नाही.

खिडकी उघडी ठेवली आहे.

१० डिसेंबर, पाच वाजता
सवरी स्टेशनवरून शोधत आला, माझी बॅग त्याच्याच हातात. म्हणाला, मच्चान, गाडी. मी रिकामा खिळा दाखवला. त्याने एकदा खिळ्याकडे बघितलं. बॅग खाली ठेवली, घरी गेला आणि जुना कॅप लॅम्प, खाली उतरताना हेल्मेटला लावायचा दिवा, घेऊन आला.

११ डिसेंबर, दुपार
काल काय झालं ते क्रमाने लिहितो.

सवरीने वाटेत राजरत्नमला सांगितलं. राजरत्नम म्हणजे आमच्या रेस्क्यू पथकाचा कॅप्टन, आता त्याला दहा पावलांत धाप लागते. तरी तो चढ चढून आला. त्याच्यामागून जुनी माणसं आली, काठ्या टेकत, दोर घेऊन, एक जण तर हेल्मेट घालून. कुणी विचारलं नाही की हरवलेला कोण, कुठला. माणूस खाली आहे, एवढं पुरे होतं. मग बायका आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. गेटपाशी ओळीने उभ्या राहिल्या, पदर तोंडाशी धरून, आणि माझ्या खिडकीकडे बघत राहिल्या. पापम्मा हॉटेल बंद करून आली. तिचा नवरा खाली गेला होता तो परत आलाच नव्हता. ती सगळ्यात पुढे उभी होती.

अंधार पडताना पोलीस स्टेशनातून एक हवालदार आला. तो बाहेरगावचा. त्याने सगळीकडे टॉर्च मारला आणि विचारलं, अण्णा, शाफ्टच्या तोंडावर काँक्रीटची झाकणी घातली आहे ना? खाली पाणी भरलं आहे ना? मग माणूस खाली जाणार कुठून?

हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. झाकणी घातली तेव्हा आम्ही सगळे तिथेच उभे होतो. राजरत्नमने हातातला दोर गुंडाळायला घेतला. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

तेवढ्यात प्रणव हेगडेचा फोन लागला. तो घरी होता. काहीतरी खात होता. म्हणाला, अंकल, मला काम होतं म्हणून मी मध्येच बाइकवरून निघालो. टोकन ना? मला वाटलं ते गिफ्ट आहे. किल्लीला लावलंय, मस्त दिसतंय.

बायका निघून गेल्या. पापम्मा शेवटी गेली. ती काही म्हणाली नाही. ‘हं’सुद्धा नाही.

सवरी म्हणाला, मच्चान, अजून बस आहे, चला, सकाळपर्यंत पोचू. मी म्हटलं, बसमध्ये मला उलट्या होतात. शिवाय टोकन अजून परत आलेलं नाही, तत्त्वतः खिडकी उघडीच आहे. सवरी बॅगेकडे वळला. मग जपमाळेची डबी माझ्या बॅगेतून काढून घेतली आणि एकटा गेला.

आत्ता दुपार झाली. मिस्सा कधीच संपली असेल. त्यांना सगळं कळलं की फिलोमिना समजून घेईल. खाणीच्या घरातली मुलगी आहे.

१३ डिसेंबर
फिलोमिनाचा फोन. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. शांत होती. म्हणाली, शेरिल चर्चमध्ये शिरताना मागे वळून बघत होती, थाथा आले का म्हणून.

मी समजावलं. टोकन, खिळा, नियम. इतक्या वर्षांत माणूस खाली असताना मी एकदाही खिडकी बंद केलेली नाही. ती म्हणाली, माहीत आहे, मी गेटवरच असायचे. म्हटलं, तेच तर, माझ्यासाठी यायचीस ना. ती म्हणाली, तुमच्यासाठी कशाला येईन? तुम्ही तर समोर दिसायचात. खाली सवरी असायचा. माझे अप्पा असायचे. तुमच्याकडे बघत उभी राहायचे ती एवढ्यासाठी, की एकदा तरी मान वर करून खुणेने सांगाल, सवरी आला म्हणून. तुम्ही कधी वर बघितलं नाहीत.

मी म्हटलं, ड्यूटीवर खाणाखुणा करायची परवानगी नव्हती.

ती म्हणाली, बरं. आणि फोन ठेवला.

१७ डिसेंबर, शनिवार
वॉकला कुणी नाही. मीही गेलो नाही, त्यामुळे नक्की सांगता येणार नाही.

सवरी आला होता. तिचं शिवणयंत्र नेलं, माळ्यावरची सुटकेस नेली. मी एका बाजूने यंत्र धरून स्टेशनपर्यंत गेलो. जड आहे. त्याला म्हटलं, नाताळपुरतं यंत्र कशाला नेते आहे? सवरी म्हणाला, मच्चान, आता पुरे करा.

यंत्र जिथे होतं तिथे फरशीचा रंग वेगळा आहे.

२० डिसेंबर
कुरियरने टोकन आलं. बरोबर चिठ्ठी, सॉरी अंकल, हसऱ्या तोंडाचं चित्र. टाइम ऑफिसात जाऊन खिळ्याला लावलं. नियमाप्रमाणे आता खिडकी बंद करायची. पण फळी कुणीतरी जळणाला नेली होती. नुसतं भोक उरलं आहे, त्यातून पलीकडची टेकडी दिसते.

बराच वेळ उभा होतो. खाण उघडणार नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. लिहिल्यावर काही झालं नाही. घरी येऊन चहा केला, साखर घालायला विसरलो, तसाच प्यालो.

२२ डिसेंबर
बॅग भरलेलीच आहे. दहा तारखेपासून उघडली नाही. पहाटेच्या गाडीने जाता येईल. आधी विचारलेलं बरं. न विचारता जाऊन उभं राहणं चांगलं दिसणार नाही.

नाताळच्या दिवशी फोन करीन. त्या दिवशी कुणी नाही म्हणत नाही.

२५ डिसेंबर, दुपार
सकाळच्या मिस्सेला शेवटच्या बाकावर बसलो. पापम्माने जेवणाचा डबा पाठवला. तिचा सण नाही, तरी.

बेंगळुरूला फोन केला. आधी हॅपी ख्रिसमस म्हणायचं, मग, मी येऊ का तिकडे राहायला, असं विचारायचं. वाक्य मनात घोकून ठेवलं होतं. जसिंताने उचलला. म्हणाली, अप्पा, अम्मा झोपली आहे.

तिच्या मागे फिलोमिना हसत होती. शेरिल तिला काहीतरी सांगत होती आणि ती हसत होती, मोठ्याने, मध्ये एकदाही न खोकता. तिला माझ्याशी बोलायचं नाही हे मला कळलं. इतकं बरं हसणं ऐकून मला फार रडू आलं, पण ते फोनवर कळू दिलं नाही.

म्हटलं, झोपू दे. उठवू नकोस.